संगणकाची पाटी आणि पेंटरची लेक

एके काळी आमच्या वस्तीत १४ एप्रिलचा फलक कोण रंगवणार, असा प्रश्नच पडत नसे. पेंटर रंगवणार, हे ठरलेले. मार्च संपता संपता बुद्धविहाराच्या ओट्यावर मांजरपाट ताणला जायचा. पेंटर खडू लावलेली दोरी धरून दोन सरळ रेषा मारायचे आणि वरच्या रेषेला टांगल्यासारखी अक्षरे लिहीत जायचे. पोरे भोवती कोंडाळे करून बसायची. कुणी रंगाचा डबा धरायचा, कुणी नुसताच बघायचा. मग फ्लेक्स आला. सकाळी सांगितलेला दहा फुटी बोर्ड संध्याकाळी छापून हातात पडू लागला, तेव्हा ब्रशवाल्याची वाट कोण बघणार? पेंटरांनी काही वर्षे नंबरप्लेटी आणि दुकानांची शटरे रंगवली. पुढे तेही काम आटले. आज ते एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार आहेत. ब्रश मात्र त्यांनी जुन्या रुमालात गुंडाळून जपून ठेवले आहेत.

ही गोष्ट घडली तेव्हा त्यांची लेक नववीत होती. हात बापाचा, पण डावा. शासकीय रेखाकलेची एलिमेंटरी परीक्षा ती पास झाली होती आणि इंटरमिजिएटची तयारी चालली होती. एके दिवशी अभ्यासिकेत तिने विचारले, "काका, कॉम्प्युटरवर पेनाने चित्रं काढतात, तसं आपल्याकडं होईल का?" आम्हाला उत्तर माहीत नव्हते. ते शोधण्यात जे चार महिने गेले त्यांची ही हकिगत. असा प्रश्न विचारणारी मुले आपल्या घराघरांत आहेत आणि बहुतेकांना "त्याला लाखभर रुपये लागतात, ते आपलं काम नव्हे" एवढेच उत्तर मिळते, म्हणून ती जरा तपशिलाने सांगत आहोत.

विहाराच्या माळ्यावर आमची अभ्यासिका आहे. २०२४ च्या डिसेंबरात वर्गणी काढून एक संगणक घेतला. कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेला, ८ जीबी रॅमचा, पडदा जुना पण धड. त्यासोबत वॅकॉम या जपानी कंपनीचे एक लहान ग्राफिक टॅब्लेट, तेही वापरलेले. टॅब्लेट म्हणताच मोठा मोबाइल डोळ्यांपुढे येतो, तसे हे नसते. ही नुसती काळी पाटी, वहीएवढी, तिच्यावर काहीच दिसत नाही. तिच्यावर पेन फिरवायचे आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. म्हणून आम्ही तिला पाटीच म्हणणार आहोत.

संगणकात विंडोज नव्हते. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले, "विंडोज घ्यावंच लागेल. लिनक्सवर ही पाटी चालत नाही." विंडोजपुरते पैसे उरले नव्हते. वस्तीतल्या एका मुलाने लगेच तोडगा काढला. त्याच्याकडे विंडोज होते, फोटोशॉप होते, सगळे फुकट, म्हणजे कुलूप तोडलेले. विहारात झाडलोट करणाऱ्या मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "मग दर रविवारी दुसरं शील कशाला म्हणता रे? न दिलेलं घ्यायचं नाही, असंच ना ते?" मुलगा हसला, आम्हीही हसलो, पण त्या दिवशी ते विंडोज चढले नाही. त्या मुलाची बाजूही सांगायला हवी. वस्तीत जो तो संगणक शिकला तो अशाच कुलूप तोडलेल्या प्रतीवर शिकला, आणि त्याला दोष देणे आम्हाला जमत नाही.

फुकट आणि चोरीचे यांत फरक आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. कुणालाही घेता यावी, उघडून बघता यावी, बदलता यावी आणि शेजाऱ्याला देता यावी अशी संगणक प्रणाली तयार करायची, हा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिचा गाभा ठरलेला लिनक्स लिहायला घेतला. त्यानंतर जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. दुसऱ्याला प्रत देण्याची मुभा त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. मावशींच्या कसोटीला ते उतरले. बाबासाहेबांनी पत्रे काढली तसा भारत भूषण हा छापखानाही उभा केला होता. यंत्र आपल्या हाती असण्याची किंमत आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

आम्ही लिनक्स मिंट ही आवृत्ती घेतली, २२ क्रमांकाची. ती जुलै २०२४ मध्ये निघाली आणि तिच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळणार आहेत. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण अद्ययावतीकरण बंद झाले आणि जुन्या यंत्रांवर विंडोज ११ नीट चढत नाही म्हणून ओळखीच्या दोन घरांत धावपळ उडाली. आमच्या माळ्यावर शांतता होती. तारीख धम्मदीक्षेची, हा निव्वळ योगायोग.

मिंटची एक सोय गरिबाच्या फार उपयोगाची आहे. ते पेनड्राइव्हवर घ्यायचे, संगणक त्यावरून सुरू करायचा आणि आतल्या डिस्कला हात न लावता सगळे तपासून बघायचे. पाटी चालते की नाही ते पैसे देण्याआधी दुकानातच कळते. आम्हाला हे नंतर समजले.

तर पाटी जोडली. पाटीवरचा बारीक दिवा लागला आणि पुढे काहीच झाले नाही. पेन फिरवले, पडद्यावरचा बाण जागचा हलेना. दुकानदाराचेच खरे, असे मनात आले. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी एका शिकलेल्या उपासकाने टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे रोमन लिपीत, छोटी, जोडून लिहायला सांगितली. एंटर दाबले की जोडलेल्या प्रत्येक यूएसबी वस्तूची एकेक ओळ येते. वॅकॉमच्या वस्तूचा क्रमांक ०५६ए ने सुरू होतो. ती ओळच नव्हती. म्हणजे लिनक्सला पाटी चालवता येत नव्हती असे नाही, पाटी तिथवर पोचलीच नव्हती. दोष वायरीचा निघाला. पाटीची मूळ वायर हरवलेली, आम्ही मोबाइलच्या चार्जरची लावली होती. काही वायरींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. त्यामुळे दिवा लागतो, बाकी काही होत नाही. पेंटरच्या शेजाऱ्यांकडून दुसरी वायर आणली, जोडली आणि बाण पेनामागे धावू लागला. सीडी नाही, काही उतरवून घेणे नाही. वॅकॉमच्या पाट्या चालवणारा भाग लिनक्सच्या गाभ्यातच असतो.

पोरांनी पेनातला सेल शोधायला सुरुवात केली. सेल नसतोच. पाटीच्या आत तारांची जाळी असते, ती आपल्याभोवती विजेचे सूक्ष्म चुंबकी क्षेत्र तयार करते. पेनात वेटोळे असते. ते त्या क्षेत्रातूनच शक्ती घेते आणि उलट संकेत पाठवते. टोक किती दाबले त्याप्रमाणे तो संकेत बदलतो. साध्या पाट्यांतही दाबाच्या दोन हजारांवर पायऱ्या मोजल्या जातात. हलके टेकवले तर केसासारखी रेघ, दाबले तर जाड. ब्रश दाबल्यावर पसरतो तसेच.

लेकीने पहिले चित्र काढायला घेतले ते धम्मचक्राचे. गोल काढला आणि पडद्यावर आडवे अंडे उमटले. पुन्हा काढला, पुन्हा अंडे. हात चुकतोय असे वाटून ती रडकुंडीला आली. हाताचा दोष नव्हता. आमच्या पाटीची चित्र काढण्याची जागा १५२ मिलिमीटर रुंद आणि ९५ उंच, म्हणजे १६ ला १०. पडदा १६ ला ९. अख्खी पाटी अख्ख्या पडद्यावर ताणली की प्रत्येक आकार सुमारे ११ टक्के रुंद होतो. उपाय सोपा आहे. मिंटच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स टॅब्लेट नावाचे पान असते, पाटी जोडलेली असताना ते उघडायचे. तिथे पडदा नेमून देण्याच्या जागी गुणोत्तर कायम ठेवण्याची खूण करायची. मग पाटीची साडेपंच्याऐंशी मिलिमीटर उंचीच वापरली जाते, कडेची साडेनऊ वाया जाते आणि गोल गोल राहतो. त्याच पानावर पेन उंदरासारखे वापरायचे की पाटीसारखे, हेही ठरवता येते. चित्रासाठी पाटीसारखे हवे, म्हणजे पाटीचा कोपरा तो पडद्याचा कोपरा.

दुसरी खूण डाव्या हाताची. आमच्या पाटीची वायर लेकीच्या मनगटाखाली येत होती, ती हात उचलून उचलून रेघ ओढायची. त्याच पानावर डावखुऱ्यांसाठी पाटी उलटी करण्याची कळ आहे. ती दाबून पाटी टेबलावर अर्धी फिरवून ठेवली. वायर पलीकडे गेली, हात मोकळा झाला. या मुलीने पहिलीत असताना डाव्या हाताने लिहिते म्हणून पट्टी खाल्ली होती. जेवताना, हळदीकुंकवाच्या घरी, दुकानात पैसे देताना "उजवा हात" हे शब्द ऐकत ती वाढली. यंत्राने तिला पहिल्यांदा कोणता हात ते विचारले, आणि ती त्या कळीकडे बराच वेळ बघत बसली. आम्ही काही बोललो नाही.

चित्रासाठी कृता नावाची प्रणाली घेतली, तीही मुक्त. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू. सुरुवातीला रेघ एकाच जाडीची येत होती. कृताच्या सेटिंग्जमध्ये टॅब्लेटचे पान आहे, त्यात पेन तपासण्याची एक कोरी जागा आहे. तिथे रेघ ओढली की दाबाचे आकडे दिसतात. आकडे बदलत असतील तर पेन ठीक, मग निवडलेला ब्रश बदला, कारण काही ब्रश दाबाला दाद देतच नाहीत. आमचे तेच झाले होते. त्याच पानावर दाबाची कमान असते. हात जड असेल तर ती खाली ओढायची, हलका असेल तर वर. घरात दोघे जण एकच पेन वापरणार असतील तर ही कमान दोघांसाठी वेगळी लागते, हे आम्हाला पेंटर आल्यावर कळले.

पेंटर एका संध्याकाळी पाळीवर जाण्याआधी डबा घेऊनच माळ्यावर आले. लेकीने पेन हातात दिले. त्यांनी पाटीकडे बघत 'जय' लिहायला घेतले आणि पडद्यावर काहीतरी भलतेच उमटले. "हात इथं, डोळा तिथं, हे काय काम झालं?" म्हणून ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "शिडीवर उभं राहून भिंत लिहिताना तरी मी हाताकडं कुठं बघायचो? अक्षराच्या कडेकडं बघायचो." त्यानंतर त्यांनी पाटीकडे बघितलेच नाही. हात आता थोडा कापतो. लेक म्हणाली, "पप्पा, थांबा," आणि तिने ब्रशचा स्टॅबिलायझर चालू केला. रेघ पेनाच्या किंचित मागून येते आणि कापरे गिळून टाकते. शिरोरेषेसाठी कृतामध्ये पट्टी आखून ठेवता येते, ब्रश तिला धरून सरळ चालतो. पेंटरांनी विचारले, "खडूची दोरी का ही?" तेव्हापासून आमच्याकडे त्या सोयीचे नाव दोरी.

२०२५ चा फलक दोघांनी मिळून केला. मोठी अक्षरे पेंटरांच्या हातची, बाबासाहेबांचे चित्र आणि धम्मचक्र लेकीचे. समितीची नावे, वेळ, ठिकाण असला बारीक मजकूर इंकस्केपमध्ये टाइप केला, मुक्ता आणि बालू हे फॉन्ट वापरून. हेही मोकळे फॉन्ट आहेत. एक काळजी घ्यावी. छापायला देण्याआधी सगळी अक्षरे निवडून त्यांचे पाथमध्ये रूपांतर करायचे, म्हणजे ती अक्षरे न राहता आकृत्या होतात. छापखान्याच्या संगणकात तो फॉन्ट नसला तर रफार एकीकडे आणि जोडाक्षर दुसरीकडे असे होते, आणि आपल्या माणसाचे नाव चुकलेले फलकावर वर्षभर दिसते.

रंगाने मात्र चांगलेच दमवले. पडद्यावरचा झकास निळा नमुन्याच्या तुकड्यावर जांभळा होऊन आला. जयंतीच्या फलकावर निळा चुकला तर बाकी काय उरले? कारण असे की पडदा प्रकाशाचे रंग दाखवतो आणि छपाई चार शायांची असते: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. निळा हा सायन आणि मॅजेंटाच्या मिश्रणातून निघतो. मॅजेंटा सायनच्या फार जवळ गेली की जांभळट झाक येते. दोघींत निदान ३० टक्क्यांचे अंतर ठेवावे, असा छपाईवाल्यांचा ठोकताळा आहे. आम्ही सायन १०० आणि मॅजेंटा ६० धरली, तुकडा पुन्हा छापून घेतला, तेव्हा निळा निळा दिसला. कृतामध्ये नवी फाइल उघडतानाच चार शायांची रंगपद्धत निवडता येते. फाइल टिफ प्रकारात जतन करून द्यावी, पीएनजीत ही रंगपद्धत मावत नाही.

आकाराचेही थोडे गणित आहे. दहा बाय सहा फुटांचा फलक इंचाला ७२ ठिपके धरून काढायचा तर ८६४० बाय ५१८४ ठिपके होतात, आणि चित्राच्या एकेका थराला दोनशे एमबीहून जास्त जागा लागते. आठ-दहा थर झाले की ८ जीबीचे यंत्र मान टाकते. आमच्याही यंत्राने टाकली, आणि तासाभराचे काम गेले. मग चौथाई मापात काढले. ३० बाय १८ इंच, इंचाला १५० ठिपके, थराला साठेक एमबी. छापखान्यात ते चौपट मोठे केले. फलक बघायचा तो रस्त्याच्या पलीकडून, तिथून काही फरक दिसत नाही.

पाटी घेणाऱ्यांसाठी आणखी थोडे. ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन या चिनी बनावटीच्या पाट्या स्वस्त पडतात. त्यांतल्या बऱ्याच लिनक्सवर चालतात, सगळ्या आपोआप नाही. ह्युऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्या लिनक्ससाठी स्वतःचे ड्रायव्हर देतात, शिवाय ओपनटॅब्लेटड्रायव्हर नावाची मुक्त प्रणाली आहे, तिच्यात पुष्कळ मॉडेलांची सोय आहे. घेण्याआधी पाटीच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक लिहून आणा आणि तिच्या यादीत बघा. वापरलेली घेत असाल तर पेन सोबत आहे ना, आणि ते त्याच पाटीचे आहे ना, हे आधी तपासा. एका पाटीचे पेन दुसरीवर चालेलच असे नाही. पाटी थोडी खरचटलेली असली तरी बिघडत नाही.

१३ एप्रिलच्या रात्री फलक चढला. पेंटरांनी पाळी बदलून घेतली होती. शिडी धरायला पोरे होतीच. वर चढून त्यांनी दोऱ्या आवळल्या, खाली उतरून रस्ता ओलांडला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "दुसऱ्या ओळीतली वेलांटी आखूड पडली." लेक म्हणाली, "पप्पा, फाइल आहे ना. पुढच्या वर्षी लांबवू."

इंटरमिजिएटची परीक्षा कागदावरच असते, त्यामुळे ती अजून जलरंगही घोटते. माळ्यावर पाटीसाठी आता नंबर लावावा लागतो, आठवड्याला सात मुले आहेत. पेनाचे टोक झिजते. ते बारीक चिमट्याने ओढून काढायचे आणि नवे सरळ खोचायचे, एवढेच. आमच्याकडे तीन टोके शिल्लक आहेत, ती मावशींनी हळदीच्या जुन्या डबीत घालून कुलपात ठेवली आहेत.